‘फँड्री’नंतरची चर्चा: एका चित्रपट मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं शहर. जवळ साखर कारखाना, दोन महाविद्यालयं, एसटी स्टँडसमोर कधीचं बंद पडलेलं एकपडदा चित्रगृह. काही निवृत्त प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक वकील आणि लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा, पण मनानं सिनेमावाला असा एक छायाचित्रकार यांनी मिळून इथे चित्रपट मंडळ काढलं. महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या माडीवरच्या सभागृहात चित्रपट, मग चर्चा, मग चहा. वर्गणी बेताची, विद्यार्थ्यांना निम्मी. शहराचं, मंडळाचं, माणसांचं नाव इथे देत नाही. पुढे या मंडळात मला एक छोटं काम मिळालं. ते कोणतं, ते ओघात येईलच. त्याआधीच्या घडामोडी मी कार्यकारिणीकडून, इतिवृत्ताच्या वहीतून आणि तिथे बसलेल्या काहींकडून ऐकल्या-वाचल्या आहेत.

संस्थापकांच्या डोळ्यांसमोर फिल्म सोसायटीची जुनी परंपरा होती. १९४७ मध्ये कलकत्त्याची सोसायटी, १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ, १९६८ पासून मुंबईत प्रभात चित्र मंडळ. त्यांतल्या दोघांनी तरुणपणी पुण्याला चित्रपट रसास्वादाचा वर्ग केला होता आणि तिथे शिकवणारे सतीश बहादूर राय यांचा ‘पथेर पांचाली’ प्रसंगवार कसा उलगडून दाखवत, याची आठवण ते आजही काढतात. त्यामुळे चर्चा म्हणजे काय, याबद्दल त्यांची कल्पना पक्की होती. चौकट, ध्वनी, संकलन, अभिनय यांवर बोलायचं. कथेतल्या दुःखाबद्दलची हळहळ ज्यानं त्यानं घरी न्यायची.

सुरुवातीला हे चाललं, कारण बोलणारे पंधरा-वीस जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे होते. मग मंडळानं दारं उघडायचं ठरवलं. मराठी चित्रपट वाढवले, महाविद्यालयांत पत्रकं लावली. विद्यार्थी आले. त्यांत समाजकल्याणच्या वसतिगृहातली दहा-बारा मुलं नेमानं येऊ लागली आणि शेवटून दुसरी रांग त्यांचीच झाली. ती चर्चेला थांबत, पण बोलत नसत. कार्यकारिणीत याचा उल्लेख ‘मुलं अजून बुजतात’ असा होई.

त्या संध्याकाळी काय झालं

चित्रपट होता नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला होता, आणि जाहिरातीत अजय-अतुल यांचं जे प्रेमगीत सगळीकडे वाजत होतं ते चित्रपटात नव्हतंच. शाळेतल्या कोवळ्या प्रेमाची गोष्ट बघायला म्हणून आलेले लोक तेव्हा चित्रगृहात होते, तसे इतक्या वर्षांनी या सभागृहातही होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवटचा भाग सांगायला हवा, कारण सगळं प्रकरण त्याभोवती फिरतं. जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते. गावात डुकरांचा त्रास होतो म्हणून त्याच्या बापाला, कचरू मानेला, डुकरं धरायचं काम मिळतं आणि अख्खं कुटुंब त्यासाठी उतरतं. शाळेजवळच. शालू, वर्गातली पोरं, रिकामटेकडे गावकरी बघायला जमतात. शेरे मारतात, मोबाइलवर फोटो काढतात, एखादा सामना बघावा तसे हसतात. जब्या लपत राहतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, माने कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. अखेर डुक्कर बांधून, बांबूला लटकवून ते निघतात. मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा रंगवलेले. चिडवणारी पोरं मागे लागतात. जब्या दगड भिरकावू लागतो, आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, येतो. चित्रपट तिथेच संपतो.

डुक्कर धरण्याच्या प्रसंगात सभागृहात हशा झाला. एकदा तर मोठा. राष्ट्रगीत लागलं तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उभे राहिले, त्यांना बघून आणखी काही उठले, काही अर्धवट उठून बसले. (चित्रपटाच्या कथेतच राष्ट्रगीत असेल तर प्रेक्षकांनी उभं राहायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट केलं होतं. पण अंधारात शेजारचा उठला की निकालपत्र कोणाला आठवतं!) त्यावरही थोडं हसू पिकलं. दगड आला तेव्हा मात्र सगळं शांत होतं.

दिवे लागले. अध्यक्षांनी लगेच माइक हातात घेतला. “कसा वाटला चित्रपट? कोण सुरुवात करतंय?”

सुरुवात केली बँकेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी. दर वेळी तेच करत. ते म्हणाले, छायाचित्रण उत्तम, मुलाचं काम अगदी सहज, आणि आमच्या लहानपणी खेड्यांत हे असं होतंच, सुदैवानं आता परिस्थिती बदलली आहे. त्यांच्यानंतर पाच-सहा जण बोलले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात “साहेबांनी म्हटलं तसं” अशी होती. कोणी कचरूचं काम करणाऱ्या किशोर कदम यांच्याबद्दल बोललं, कोणी जब्या जिच्या मागे फिरत असतो त्या काळ्या चिमणीच्या प्रतीकाबद्दल. ‘पूर्वी’ हा शब्द सगळ्यांच्या बोलण्यात होता.

मग शेवटून दुसऱ्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला. माइक घ्यायला पुढे आला नाही. “सर, डुक्कर धरताना इथे हॉलमध्ये सगळे हसत होते. ते पण पूर्वीचंच का?”

काही क्षण कोणी बोललं नाही. अध्यक्ष म्हणाले, “आपण चित्रपटाबद्दल बोलू या. व्यक्तिगत पातळीवर नको.” मुलगा बसला नाही, भांडलाही नाही. पिशवी उचलून निघाला. मागोमाग ती रांग उठली. त्यानंतर ठरल्याप्रमाणे आभारप्रदर्शन झालं. इतिवृत्ताच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: ‘चित्रपटानंतरची चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’

पुढच्या महिन्यात ती रांग रिकामी होती. त्याच्या पुढच्याही महिन्यात.

अडचण नेमकी कोणती

कार्यकारिणीच्या बैठकीत विषय आला तो ‘विद्यार्थी सभासदांची घटती उपस्थिती’ या नावानं. कार्यवाह असलेल्या डॉक्टर बाईंनी ते शीर्षक तिथल्या तिथे बदलायला लावलं. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलं का येत नाहीत हा प्रश्न नाहीच. आपण त्या मुलाला गप्प केलं, आणि तेही चित्रपटाबद्दल बोलत नाही असं सांगून.

यावर मराठीच्या निवृत्त प्राध्यापकांनी जी बाजू मांडली ती हलकी नव्हती. काश्मीरचा जुना रसशास्त्रकार अभिनवगुप्त, त्यानं रसास्वादाची सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकानं स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं. त्या मुलाचं दुःख खरं आहे, ते म्हणाले, पण ते मध्ये आलं की चित्रपट बाजूला राहतो. मग चर्चा समाजाची होते, कलेची होत नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, “सर, सुखदुःखात म्हणालात ना? मग ‘सुदैवानं आता परिस्थिती बदलली’ हे स्वतःच्या सुखात अडकणं नव्हे का?” इतिवृत्तात हे आलेलं नाही. मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघांचं सांगणं जुळतं.

माझं मत या ठिकाणी स्पष्टच सांगतो. त्या संध्याकाळी चित्रपटाच्या रचनेला धरून बोललेलं एकच वाक्य होतं, आणि ते त्या मुलाचं. ‘फँड्री’मधला तो प्रसंग प्रेक्षकाला बघ्यांच्या घोळक्यात नेऊन बसवतो. पडद्यावरची माणसं हसतात, त्यांच्या नजरेनं आपण बघू लागतो, आपणही हसतो, आणि शेवटचा दगड त्या हसण्याकडे येतो. हशा झाला नसता तर दगडाला नेम धरायला जागा उरली नसती. मुलानं हेच विचारलं होतं. छायाचित्रण उत्तम, हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला चालून गेलं असतं.

अडचणीचा दुसरा पदर म्हणजे पहिलं वाक्य. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतील. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि मग खरा उमेदवार सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जाई. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, किंवा आधीच्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, की हे प्रमाण झपाट्यानं खाली येई. तिथे निदान रेषा समोर होत्या. चित्रपट संपल्यावर माणसाजवळ मोजायला काही नसतं. काय वाटलं हे अजून त्याचं त्यालाच नीट कळलेलं नसतं, आणि तेवढ्यात शहरातला प्रतिष्ठित माणूस माइकवरून काय वाटायला हवं ते सांगून मोकळा होतो. ज्येष्ठ सभासदांचा यात दोष काढता येत नाही. त्यांना विचारलं, ते बोलले.

समोर असलेले पर्याय

बैठकीत बरंच काही पुढे आलं. एक सूचना अशी की चर्चाच बंद करावी. चित्रपट दाखवावा, लोकांनी चहा पिऊन घरी जावं. खजिनदार या बाजूचे होते आणि त्यांचं कारण निव्वळ व्यावहारिक होतं: सभागृह साडेनऊला रिकामं करावं लागतं. दुसरी सूचना, वादाचे चित्रपट टाळावेत. ती फार टिकली नाही, कारण यादी करायला घेतल्यावर मराठीतले अलीकडचे पाहण्यासारखे निम्मे चित्रपट तिच्यात जाऊ लागले.

दोन पर्यायांकडे कल होता. बाहेरून जाणकार वक्ता बोलवावा, म्हणजे चर्चेला दर्जा राहील आणि आपापसात खटके उडणार नाहीत. किंवा त्या मुलालाच बोलवावं, सन्मानानं व्यासपीठावर बसवावं आणि त्याची बाजू मांडायला सांगावी. चर्चेची पद्धत बदलावी, असं डॉक्टर बाई आणि छायाचित्रकार म्हणत होते. पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या दिवशी दोघांनाही सांगता आलं नाही आणि तो पर्याय मागे पडला.

काय केलं

आधी वक्ता आणला. चित्रपट निवडला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला दोन पुरस्कार मिळाले होते. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असतो की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. खटला रेंगाळत राहतो, कॅमेरा लांबून आणि स्थिर बघत राहतो, आणि शेवटी न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागल्यावर न्यायाधीश सहकुटुंब सहलीला जातात. पाहुण्यांनी तासभर छान समजावून सांगितलं: कॅमेरा हलत का नाही, न्यायालय बंद झाल्यावरही चित्रपट का संपत नाही. लोकांनी माना डोलावल्या. प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न आला, “सर, हा आपल्याकडून ऑस्करला गेला होता ना?” गेला होता. पाहुण्यांनी होकार दिला आणि चहा आला.

खटका उडाला नाही, एवढं खरं. पण चित्रपटात काही घडतच नाही म्हणून चुळबुळ करणारे, मध्येच उठून गेलेले, आणि सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करते त्या प्रसंगावर आपापसात कुजबुजणारे लोक सभागृहात होते. त्यांना काय दिसलं ते कोणालाच कळलं नाही. दर्जा राहिला आणि प्रेक्षक हरवले. मानधन, प्रवास, राहणं यांचा खर्च पाहिल्यावर खजिनदारांनीही हा मार्ग पुन्हा सुचवला नाही.

दरम्यान डॉक्टर बाई त्या मुलाला महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जाऊन भेटल्या. माफी मागितली आणि व्यासपीठाचं निमंत्रण दिलं. माफी त्यानं ऐकून घेतली. निमंत्रण नाकारलं. “मॅडम, आमचं आम्हाला माहितीये. मला बोलायला लावून तुम्ही ऐकणार. तुम्ही काय बघितलं ते बोला की.” आणखीही एक गोष्ट त्यानं सांगितली, तीही तक्रार म्हणून नव्हे. त्या सभागृहात त्याच्या प्रात्यक्षिकाचे गुण देणारे सर बसलेले असतात. त्याचा मित्र सुट्टीत ज्यांच्या दुकानात काम करतो ते शेठही असतात. तिथे उभं राहून एक वाक्य बोललं तर ते सोमवारपर्यंत पुरतं.

प्रकरण इथे वळलं असं मला वाटतं. तोवर मंडळ समजत होतं की मुलं बुजतात, त्यांना धीर दिला की बोलतील. आता दिसलं की मुलांचा हिशेब पक्का होता. छोट्या शहरात प्रेक्षक म्हणून एकत्र बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांची गिऱ्हाईकं, विद्यार्थी, पेशंट, घरमालक असतात. दिवे लागले की ती नाती परत येतात. बोलण्याची जोखीम सगळ्यांना सारखी नसते, आणि मोकळेपणानं बोला असं माइकवरून सांगितल्यानं ती कमी होत नाही.

मग पद्धत बदलली. चित्रपट संपल्यावर पूर्ण दिवे लावायचे नाहीत, बाजूचे दोनच. दहा मिनिटं माइक बंद. प्रत्येकाच्या खुर्चीवर आधीच एक कागद आणि पेन्सिल ठेवलेली. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न हद्दपार. त्याऐवजी: ‘आत्ता कुठला प्रसंग डोळ्यांसमोर आहे? तेव्हा तुम्हाला काय झालं?’ नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, चहा प्यायचा, आणि परत बसल्यावर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. कार्यकारिणीनं सगळ्यात शेवटी बोलायचं. चर्चेत कोणी मागितलं तर एखादा प्रसंग पुन्हा लावून दाखवायचा. ही शेवटची अट छायाचित्रकाराची, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची.

मोबाइलवरून उत्तरं मागवावीत असंही कोणी सुचवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिसतो म्हणून ते सोडून दिलं. पण कागदालाही एक फट होतीच, ती पहिल्याच वेळी दिसली. डॉक्टर बाई चिठ्ठ्या लावत होत्या आणि टेबलाजवळ उभे असलेले एक शिक्षक सहज म्हणाले, “हे अक्षर त्या गायकवाडचं दिसतंय,” (नाव अर्थातच मी बदललं आहे). आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला ते टाळता येणारच नव्हतं. त्या दिवशी चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. नंतर ठरलं की वाचणारा गावाबाहेरचा हवा, डबा त्यानंच उघडायचा आणि त्याच रात्री चिठ्ठ्या फाडायच्या. शेजारच्या जिल्ह्यातून येणारा तो माणूस मी.

परिणाम

नव्या पद्धतीनं पूर्ण पार पडलेला पहिला चित्रपट होता संदीप सावंत यांचा ‘श्वास’, २००४ चा. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतात, आणि कळतं की कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. या चित्रपटाला रडू येतं हे सगळ्यांना माहीत असतं. चिठ्ठ्यांत रडण्याबद्दल फारच थोडं होतं. संमतीच्या कागदावर सही करण्याचा प्रसंग बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर होता. कोणी लिहिलं होतं की आजोबा मुलाला घेऊन गेले तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही. एकानं रुग्णालयातला जिना लिहिला होता, बाकी काही नाही.

बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या होत्या किंवा नुसतं ‘छान’ लिहिलेल्या. त्या बाजूला काढाव्यात असं कोणी सुचवलं. मी नाही म्हणालो. “कोरी चिठ्ठी,” असं म्हणून एकेक वाचली. पहिल्या दोन वेळा लोक हसले, मग नाही. चर्चेत एक परिचारिका बोलल्या, त्या वर्षभर येत होत्या पण कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. सही घेताना पेन देणारी मी असते, असं त्यांनी सुरू केलं, आणि दहा मिनिटं कोणी मध्ये बोललं नाही. अध्यक्षही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ‘फँड्री’मधला डुक्कर धरण्याचा भाग तेवढाच पुन्हा दाखवायचं ठरलं. वसतिगृहातली काही मुलं आली. तो मुलगाही आला. या वेळी हशा झाला नाही. याचं श्रेय पद्धतीला देता येणार नाही, कारण काय घडलं होतं ते आता सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे स्वतःवर लक्ष ठेवून बसले होते. चिठ्ठ्यांतल्या तीन-चार मी इथे देऊ शकतो, शब्द थोडे बदलून. ‘मागच्या वेळी हसलो होतो. डुक्कर निसटलं की हसू येतंच. बाप दिसलाच नाही.’ ‘लोक हसायला लागले तेव्हा मी माझ्या मैत्रिणीकडे बघितलं, ती हसत होती.’ ‘मी राष्ट्रगीताला उभा राहिलो. पुन्हा राहीन.’ ‘प्रसंग नाही, डुकराचा आवाज.’

चर्चा गोड झाली नाही. बँकेतले ते ज्येष्ठ सभासद म्हणाले की परिस्थिती बदलली आहे हे माझं मत कायम आहे, आणि कारणंही दिली: शाळा, नोकऱ्या, त्यांच्याच शाखेत झालेल्या भरत्या. वसतिगृहातल्या मुलांबरोबर आलेली एक मुलगी उठली आणि याच शहरात खोली भाड्यानं शोधताना आडनाव कुठल्या टप्प्यावर विचारतात, ते तिनं गल्ल्यांच्या नावांसकट सांगितलं. दोघांचंही एकमेकांशी पटलं नाही. पण आता प्रसंग समोर होता. छायाचित्रकारानं तो परत लावला आणि विचारलं, कॅमेरा आत्ता कोणाच्या बाजूला उभा आहे? त्यावर जे बोलणं झालं तसं या मंडळात यापूर्वी झालं नव्हतं, असं जुने सभासद सांगतात. तो मुलगा काहीच बोलला नाही. त्यानं चिठ्ठी टाकली का, मला माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही.

किंमतही मोजावी लागली. संस्थापकांपैकी दोघे येईनासे झाले. त्यांच्या मते हा ‘चिठ्ठ्यांचा खेळ’ आहे, यात सिनेमाचं शिक्षण नाही. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. ‘कुठला प्रसंग’ असं विचारलं की लोक कथेतले ठळक प्रसंगच लिहितात. संकलन, शांतता, प्रसंगांमधल्या रिकाम्या जागा कधी चिठ्ठीवर येत नाहीत. आलोकानंदा दासगुप्ता यांनी ‘फँड्री’ला दिलेल्या पार्श्वसंगीताबद्दल पहिल्या, फसलेल्या चर्चेत तरी दोन वाक्यं झाली होती. नव्या चर्चेत एकही नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महागात पडलेला निर्णय काही सेकंदांत घेतला गेला: ‘व्यक्तिगत पातळीवर नको.’ अध्यक्षांची अडचण समजण्यासारखी आहे. समोर दुखावलेले ज्येष्ठ, मागे चिडलेली मुलं, हातात माइक. त्या क्षणी त्यांना कुणाची बाजू घ्यायची गरज नव्हती. ‘आपण कुठे हसलो?’ एवढं विचारून तो प्रसंग पुन्हा लावता आला असता. लॅपटॉप तिथेच होता. प्रश्न व्यक्तीकडून पडद्याकडे वळला असता आणि मुलाचं वाक्यही सभागृहात राहिलं असतं.

दुसरी जागा त्याआधीची. दिवे लागताक्षणी विचारलेलं ‘कसा वाटला?’ हा प्रश्न निकाल मागतो, आणि निकाल द्यायची सवय ज्यांना असते तेच हात वर करतात. दहा मिनिटांची शांतता हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त बदल होता. चिठ्ठ्या नसत्या तरी तिचा उपयोग झाला असता. नुसती शांतता आणि चहा असा एखादा महिना आधी घालवून बघायला हवा होता. दोन्ही गोष्टी एकदम आणल्यामुळे नेमकं कशानं काम केलं ते आता वेगळं काढता येत नाही.

मुलाला व्यासपीठावर बोलवण्याची कल्पना सद्भावनेची होती. त्यानं नाकारलं ते बरं झालं. तो आला असता तर बाकी सगळे पुन्हा श्रोते झाले असते, आणि हसलं कोण हा प्रश्न त्याच्या मनोगताखाली दबला असता.

शांततेबद्दलही मंडळाचा अंदाज चुकला होता. वर्षभर गप्प बसलेल्या रांगेचा अर्थ कार्यकारिणीनं बुजरेपणा असा लावला आणि कोणी चौकशी केली नाही. चौकशी म्हणजे चारचौघांत ‘बोला’ असं म्हणणं नव्हे. कँटीनमधली एक भेट आधी झाली असती तर प्रात्यक्षिकाच्या गुणांची गोष्ट आधीच कळली असती.

सध्या प्रश्न दर महिन्याला बदलतात. एका महिन्यात प्रसंग विचारायचा, पुढच्या महिन्यात ‘कुठला आवाज आठवतो?’ दुसऱ्या प्रश्नाला कोऱ्या चिठ्ठ्या जास्त येतात, पण येतात त्यांत हलगी, पंखा, भांडी, दाराची कडी असं काहीबाही असतं आणि त्यावर छायाचित्रकार खुलतो. संस्थापकांपैकी एकजण आवाजाच्या महिन्यांत परत येऊ लागले आहेत, प्रसंगाच्या महिन्यांत नाही. इतिवृत्तात ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण नव्या लेखनिकांना ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. चर्चा लांबते म्हणून सभागृह दहापर्यंत घ्यावं लागतं, भाडं वाढलं आहे, आणि गेल्या वार्षिक सभेत सगळ्यांत जास्त वेळ वाद झाला तो याच अर्ध्या तासाच्या भाड्यावर. खजिनदारांनी वर्गणी वाढवायचा ठराव मांडला. विद्यार्थ्यांची निम्मी सवलत तशीच ठेवून तो मंजूर झाला.